कृष्णाकाठी पूरभिंत: हवी की नको?

कृष्णाकाठचा:
सरळ विचारतो. सांगलीत आयर्विन पुलापासून घाटांच्या बाजूनं भक्कम पूरभिंत बांधावी आणि तिच्या माथ्यावर फिरायला रुंद रस्ता करावा, असं माझं मत. 2019 ला आयर्विनजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेलं, 2021 ला परत 55 च्या आसपास. धोका पातळी 45. फ्रिज माळ्यावर चढवून कंबर गेली राव. (अलमट्टी धरणामुळं पूर येतो म्हणणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा, इथं नको.)

गल्लीतला:
भिंत नदीचं पाणी अडवंल, गावातलं सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरीनाल्याचं काय? नदी फुगली की नाला उलटा येतो. आमच्या दारात पाणी घाटावरनं आलेलंच नाही, गटारीतनं आलंय. आधी नाल्याच्या तोंडाला दारं बसवा. दारं बंद केली की आतलं पावसाचं पाणी उपसायला पंप लागणार, तेही डिझेलवर, कारण पुरात वीज पहिली जाते. हे नसलं तर भिंत म्हणजे गावाभोवतीचा हौद.

सांगलीवाडीकर:
तुमच्या बाजूला भिंत झाली की पाणी कुठं जाणार? पलीकडच्या काठाला, आमच्या उसात. फिरायला या मग पलीकडनं, बघायला.

कृष्णाकाठचा:
दारं-पंप मान्य. पण म्हणून भिंतच नको?

जुना सांगलीकर:
बाळा, उंची किती धरणार ते सांग. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं. तेव्हा तेवढीच भिंत बांधली असती, तर 2019 ला ती बुडाली असती. आणि आपल्याकडं पूर इंचाइंचानं चढतो. कोयनेतनं किती सोडलं, आयर्विनला किती झालं, हे बघून माणूस जनावरं हलवतो. भिंतीवरनं पडणारं पाणी तेवढा वेळ देत नाही. आणि वर निळ्या पूररेषेच्या आतले, बांधकामाला मनाई असलेले प्लॉट ‘आता सुरक्षित’ म्हणून विकले जातील, ते वेगळंच.

कृष्णाकाठचा:
काका, प्लॉटचं पटलं. बाकीचं अर्धं. मग घाट तरी नीट करायचा का नाही?

गल्लीतला:
करा की. पण दगडी पायऱ्याच ठेवा. ते पेव्हर ब्लॉक आणि नक्षीचे दिवे नकोत. पूर ओसरल्यावर गाळ फावड्यानं ओढायला आम्हीच असतोय.