आंतरराष्ट्रीय संस्थेचं एचआर मॅन्युअल नव्याने करायला सल्लागार नेमायचा आहे. टीओआरमध्ये (टर्म्स ऑफ रेफरन्स, म्हणजे कामाची कक्षा आणि अटी सांगणारा दस्तऐवज) नेमकं काय हवं?

बाणेर_एचआर

नमस्कार मंडळी. संस्था सामाजिक विकासाच्या क्षेत्रातली आहे. मुख्यालय युरोपात, कार्यालयं पुणे, काठमांडू आणि नैरोबीला. एकूण १४० जण, त्यातले पुण्यात ३६, आणि या ३६ पैकी बरेच जण मुळशी, भोर, जुन्नर भागात फिल्डवर. भारतातलं काम इथे नोंदलेल्या वेगळ्या ट्रस्टमार्फत चालतं आणि ट्रस्टला एफसीआरए (परदेशी निधी घेण्याविषयीचा कायदा) नोंदणी आहे.

सध्याचं एचआर मॅन्युअल २०१६ सालचं. तिन्ही देशांत चालेल असं नवं मॅन्युअल सहा महिन्यांत तयार हवं आणि सल्लागार नेमण्याची प्रक्रिया पुण्याने चालवावी, असं मुख्यालयाने ठरवलं आहे. टीओआरचा मसुदा अजून एका पानाचाच आहे: ‘सर्व एचआर धोरणांचा आढावा घेऊन ती अद्ययावत करणे.’

विचारायचं आहे ते असं: किती दिवसांचं काम धरावं? फी दिवसावर ठरवावी की एकरकमी? तिन्ही देशांसाठी एकच सल्लागार पुरेल का? आणि कोटेशन आल्यावर माणूस निवडायचा कसा?

मसुदाकार

‘सर्व धोरणांचा आढावा’ हे वाक्य टीओआरमधून आधी काढा. त्यावर एक जण १५ दिवसांचं कोटेशन देईल आणि दुसरा ९० दिवसांचं, आणि दोघंही बरोबर असतील. जाहिरात देण्यापूर्वी तुमच्याच टीमने एक तक्ता करायचा. धोरणाचं नाव, शेवटची दुरुस्ती कधी झाली, कोणत्या देशात लागू आहे, कोणी मंजूर केलं, आणि प्रत्यक्षात वेगळं काय चालतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मॅन्युअलमध्ये कॉम्प-ऑफ (सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली रजा) नाही पण सगळे घेतात, प्रवासभत्त्याचे दर तीन वर्षांपूर्वीच्या ईमेलवर चालतात, असले प्रकार तिथेच उघडे पडतात. हा तक्ता टीओआरला जोडा.

दुसरं, रचना आधी ठरवा आणि ती टीओआरमध्ये लिहा. तीन थर हवेत. वर जागतिक धोरण: तत्त्व आणि किमान हमी, दोन-तीन पानांत. त्याखाली देशनिहाय जोडपत्र: रजा, कामाचे तास, नोटीस, ग्रॅच्युइटी, तक्रार समिती. सगळ्यात खाली कार्यपद्धती आणि फॉर्म. वरच्या थरात आकडे भरले की दर वर्षी बोर्डाकडे जावं लागतं. मातृत्व रजाच घ्या. भारतात २६ आठवडे, नेपाळमध्ये १४ आठवडे, केनियात ३ महिने. जागतिक धोरणात ‘संस्थेची किमान हमी किंवा स्थानिक कायदा, यांपैकी जे जास्त ते’ एवढंच वाक्य आणि किमान हमीचा आकडा ठेवा, बाकी जोडपत्रात.

दिवसांचं विचाराल तर १८ ते २० धोरणांसाठी साधारण ४५ दिवस धरा. वाचन आणि सुरुवातीचा अहवाल ५, तिन्ही कार्यालयांतल्या मुलाखती आणि गटचर्चा ८, तफावत अहवाल (जुनं धोरण, कायदा आणि प्रत्यक्षात चालतं ते यांतला फरक) ५, मसुदे १६, सूचना घेऊन दुरुस्ती ६, कर्मचाऱ्यांना आणि मॅनेजरांना समजावणं ३, अंतिम प्रत २. कॅलेंडरवर हे पाच महिने जातात, कारण मधला वेळ तुमच्या सूचना येण्यात जातो.

फी एकरकमी, टप्प्यांना बांधलेली. सुरुवातीच्या अहवालाला १५ टक्के, तफावत अहवालाला २५, पहिल्या पूर्ण मसुद्याला ३०, अंतिम प्रतीला ३०. शेवटचा हप्ता बोर्डाच्या मंजुरीला बांधू नका. बैठक कधी होणार हे सल्लागाराच्या हातात नसतं, आणि चांगला माणूस ती जोखीम कोटेशनमध्ये चढवून लावतो.

ही कामं बहुतेक वेळा फसतात ती सूचनांच्या टप्प्यावर. सहा जण एकाच फाइलवर परस्परविरोधी शेरे मारतात आणि सल्लागार मधल्यामध्ये तडजोडीचं गुळमुळीत वाक्य लिहून मोकळा होतो. म्हणून टीओआरमध्येच लिहा: सूचनांच्या दोनच फेऱ्या, प्रत्येकी १० कामाचे दिवस, आणि सगळ्या सूचना एकत्र करून एकाच व्यक्तीने पाठवायच्या. मतभेद कोण मिटवणार त्या पदाचं नावही लिहा.

कामगार_कायदा_पुणे

एकच सल्लागार तिन्ही देशांचा कायदा जाणतो असं सांगत असेल तर सावध व्हा. मुख्य सल्लागार एक, आणि प्रत्येक देशात जोडपत्र तपासणारा स्थानिक कामगार-कायद्याचा वकील, प्रत्येकी ३-४ दिवसांचा. वकिलाचं काम लिहिण्याचं नाही, कलमनिहाय लेखी अभिप्राय देण्याचं. त्याचा खर्च टीओआरमध्ये वेगळा दाखवा, नाहीतर सल्लागार तो वाचवतो.

भारताच्या जोडपत्रात या वेळी खरंच खूप काम आहे. केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे चार नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. जुनं मॅन्युअल ज्या कायद्यांची नावं घेतं त्यातले बरेच आता संहितांमध्ये गेले. नुसती नावं बदलून भागणार नाही.

वेतनाची व्याख्या बदलली. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते (घरभाडे, प्रवास वगैरे) एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. समजा एकूण ८०,००० आणि बेसिक २८,०००. भत्ते ५२,०००, मर्यादा ४०,०००, म्हणून १२,००० परत वेतनात येतात आणि वेतन ४०,००० होतं. ग्रॅच्युइटी १५/२६ च्या हिशोबाने (महिन्याचे २६ दिवस धरून १५ दिवसांचं वेतन) सेवेच्या दर वर्षाला १६,१५४ वरून २३,०७७ वर जाते. आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर हक्क मिळतो. प्रकल्पावर नेमलेले तुमचे बहुतेक लोक याच प्रकारात असणार. म्हणजे ही तरतूद डोनरच्या बजेटमध्ये आजपासून हवी. प्रकल्प संपल्यावर ते पैसे कुठून आणणार?

नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. मुख्यालयाच्या मॅन्युअलमध्ये ‘हिशोब ४५ दिवसांत’ असं असतं, ते इथे चालणार नाही. स्पर्धक संस्थेत जाण्यावरची नोकरीनंतरची बंदीही परदेशी नमुन्यातून हमखास उतरते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली ती टिकत नाही. गुप्ततेची अट ठेवा, बंदी काढा.

सगळ्यात जास्त चूक होते लैंगिक छळाच्या धोरणात. मुख्यालयाला वाटतं की प्रत्येक तक्रार त्यांच्या तपास पथकाकडे यावी. भारतात २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती लागते: वरिष्ठ महिला अध्यक्ष, किमान निम्म्या महिला, एक बाहेरची सदस्य. तक्रार ३ महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि त्यावर मालकाची कारवाई ६० दिवसांत. महिला कर्मचाऱ्याची तक्रार या समितीला टाळून जिनिव्हा-लंडनला चौकशीला पाठवली तर ती चौकशी कोर्टात उभी राहणार नाही. उलट पुरुषांची तक्रार या कायद्यात बसत नाही, तिला संस्थेची जागतिक प्रक्रिया लावावी लागते. कामाच्या ठिकाणी छळ झालेली महिला कर्मचारी नसली तरी ती या कायद्यात येते. धोरणात दोन्ही वाटा स्पष्ट दाखवा, आणि मुख्यालयाला किती माहिती कळवायची तेही, कारण कलम १६ गोपनीयता बंधनकारक करतं.

परदेशी सल्लागार हमखास विसरतात ती आणखी दोन धोरणं: अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ खालचं समान संधी धोरण, आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा २०१९ खालचा तक्रार अधिकारी.

रजांसाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ बघा: ८ किरकोळ रजा, २० दिवसांच्या कामामागे १ अर्जित रजा, साठवण ४५ दिवसांपर्यंत.

हिशेबनीस

पैशांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

करार कोणाच्या नावाने होणार ते आधी ठरवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. पुण्याच्या ट्रस्टने काठमांडू आणि नैरोबीच्या मॅन्युअलचे पैसे दिले तर ऑडिटर विचारणारच. सरळ मार्ग असा: जागतिक धोरणांचा करार मुख्यालयाने करून तिथूनच पैसे द्यायचे, आणि पुण्याने फक्त भारताच्या जोडपत्राचा वेगळा करार करायचा. शिवाय व्यावसायिक आणि कायदेशीर फी एफसीआरए नियमांत प्रशासकीय खर्चात मोजली जाते, आणि त्याची कमाल मर्यादा आता २० टक्के आहे. वर्षाअखेरीस हा खर्च टाकण्याआधी मर्यादेत किती जागा उरली आहे ते बघून घ्या.

कोटेशन जीएसटीसह मागवा. १८ टक्के कर ट्रस्टला बहुधा परत मिळत नाही, तो खर्चच आहे. नोंदणी नसलेला स्वतंत्र सल्लागार आणि नोंदणीकृत फर्म यांची तुलना कराशिवाय केली तर निवड चुकते. फीवर १० टक्के टीडीएस कापला जाईल हेही करारात लिहा.

निवडीत तांत्रिक ७०, आर्थिक ३० असे गुण ठेवा. तांत्रिक भागात नुसते सीव्ही बघू नका. शेवटच्या तिघांना तुमच्या जुन्या मॅन्युअलमधलं एक दोन पानी धोरण द्या आणि त्यावर टिपा मागवा, त्या कामाचं छोटं मानधनही द्या. कोण कलम वाचतो आणि कोण भाषा गुळगुळीत करतो ते तिथे कळतं. आधीच्या कामाचा नमुना मागितल्यावर त्यात दुसऱ्या संस्थेचं नाव राहून गेलेलं दिसलं तर तो माणूस तुमचं मॅन्युअलही उद्या पुढच्या संस्थेला दाखवणार.

करारातलं एक कलम बहुतेकांकडे नसतं. बाहेरच्या सल्लागाराने लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. लेखी हस्तांतर लागतं, आणि कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तीन देशांच्या मॅन्युअलला हे परवडणार नाही. ‘जगभर आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द घाला.

बाणेर_एचआर

मनापासून आभार. करार दोन भागांत करण्याचं डोक्यात आलंच नव्हतं. दोन शंका राहिल्या. नवं मॅन्युअल लागू करताना कोणाची एखादी सवलत कमी होत असेल तर काय? आणि मुख्यालयाच्या बोर्डाने मंजूर केलं की पुण्यात आपोआप लागू होतं का?

मसुदाकार

दुसऱ्याचं आधी. नाही. मालक तुमचा ट्रस्ट आहे, म्हणून इथल्या विश्वस्तांचा वेगळा ठराव लागतो. त्यांना मसुदा शेवटच्या आठवड्यात देऊ नका, तफावत अहवालापासूनच सामील करा.

फिल्डवरच्या लोकांसाठी मराठी प्रत टीओआरमध्येच मागा. ती तुमच्या फिल्ड समन्वयकाने वाचून बघायची आणि मगच अंतिम हप्ता द्यायचा.

कामगार_कायदा_पुणे

सवलत कमी करण्याबद्दल: औद्योगिक संबंध संहितेत सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस आहे, पण मुख्यतः धर्मादाय वा सामाजिक काम करणाऱ्या संस्था त्या संहितेच्या ‘उद्योग’ व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. तुमच्या ट्रस्टला लागू आहे की नाही यावर वकिलाकडून लेखी मत घ्या. मत काहीही आलं तरी नोटीस द्याच. आणि ज्यांच्या नेमणूकपत्रात ती सवलत शब्दशः लिहिलेली आहे, त्यांच्या बाबतीत मॅन्युअल बदलून काही होत नाही. त्यांची लेखी संमती घ्या किंवा त्यांच्यापुरती जुनी अट चालू ठेवा. सल्लागाराला तफावत अहवालासोबत अशा नेमणूकपत्रांची यादी द्यायला सांगा. ३६ पत्रं वाचायला एक दिवस पुरतो.