मदत हवी आहे: दमट हवेत इन्सुलिन पंपाचा सेट (अंगावर चिकटवायची नळी व पट्टी) 3 दिवस टिकतो का?

मुलगी 11 वर्षांची, टाइप 1 मधुमेह, वजन 34 किलो, राहतो फोंड्याला. रात्री 9 वाजता ग्लार्जिन (लांब पल्ल्याचं इन्सुलिन) 13 युनिट. जेवणाआधी अ‍ॅस्पार्ट (झटपट काम करणारं इन्सुलिन), 12 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट. साखर मोजणारा सेन्सर आहे. पेज, उकड्या तांदळाचा भात मोजूनच देतो.

अडचण पहाटेची. 4 ते 7 मध्ये साखर 130 वरून 240 वर जाते. 3 वाजता ती कमी नसते, म्हणजे रिबाउंड (साखर खूप उतरल्यावर उलट चढणं) नव्हे. ग्लार्जिन 15 केलं की मध्यरात्री 60. डेग्लुडेक या दुसऱ्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिननेही फरक पडला नाही. पंपात त्या 3 तासांपुरताच बेसल (सतत सुरू असणारा इन्सुलिनचा डोस) वाढवता येतो, म्हणून ओढ तिकडे.

पण 10 दिवसांच्या ट्रायलमध्ये घामाने पट्टीची कड दुसऱ्याच दिवशी उचलली गेली, कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) दुमडली. पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच, त्यामुळे पुरवठा थांबताच 4 तासांत किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारं आम्ल) 1.4. जागा कोरडी करून बॅरिअर वाइप (त्वचेवर संरक्षक थर देणारा) लावला होता. जागा पोटावरची, मांडीवर लावून पाहिलेला नाही.

डॉक्टर पंप आणि इंजेक्शन दोन्हीला तयार आहेत. विमा सेटचे पैसे देत नाही.

किनारपट्टीवर पंप वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: मे-जूनमध्ये सेट खरंच 3 दिवस राहतो का, वरून कोणती टेप लावता आणि महिन्याला किती सेट वाया जातात?