शब्दचर्चा : पोकरमधली 'चाल' आणि 'ओला' बोर्ड

इंदिरानगरकर (प्रश्न)
दिवाळीत आमच्या सोसायटीत बिनपैशांची पोकर स्पर्धा ठेवतो आहे. मेंढीकोट आणि तीन पत्ती खेळून मुरलेली मंडळी आहेत, पोकर मात्र नवं. त्यांच्यासाठी मराठीत माहिती लिहितोय. 'ओल्या बोर्डवर हात मजबूत असेल तर पैज मोठी लावावी' असं लिहिलं, तर शेजारच्या काकू विचारतात, 'मजबूत म्हणजे किती हात झाले?' 'हँड' (आपली पानं), 'बेट साइझिंग' (किती लावायचं ते), 'वेट बोर्ड' (बोर्ड म्हणजे मध्ये उघडलेली, सगळ्यांची सामायिक पानं; त्यांतून कुणाचा कलर किंवा सिक्वेन्स होऊ शकत असेल तर तो 'वेट', म्हणजे ओला), 'ड्रॉ' यांना काय म्हणावं?

पंचवटीकर
काकूंची शंका रास्त आहे. मेंढीकोटात 'हात' म्हणजे उतारीनंतर जिंकलेली पानं. तो अर्थ इतका पक्का आहे की त्याला हलवू नये. 'पानं भारी आहेत' म्हणा, सगळ्यांना कळतं.

'पैज' तर नकोच. पैज एखादी गोष्ट होईल की नाही यावर लागते. पत्त्यांत 'चाल' हा शब्द रुळलेला आहे. पण इथे एक फरक नीट लिहा, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. तीन पत्तीत चालीचं माप आधीच्या चालीवर ठरतं : तितकीच किंवा दुप्पट. मध्ये किती साठलंय याच्याशी तिचा संबंध नाही. नो-लिमिट पोकरमध्ये आपल्यापुढच्या चिप्सपैकी (खेळातल्या चकत्यांपैकी) कितीही लावता येतात, आणि चाल मोठी की लहान हे पॉटच्या, म्हणजे मध्ये साठलेल्या चिप्सच्या, मानाने बघतात. म्हणून 'बेट साइझिंग'ला 'चालीचं माप' म्हणावं आणि ते पॉटमध्ये सांगावं : पाव पॉट, अर्धा पॉट, पाऊण पॉट, पॉटभर, दीड पॉट. अपूर्णांकांचे इतके सुटसुटीत शब्द आपल्याकडे असताना टक्के कशाला लिहायचे?

सातपूरकर
'ओला' मला वाईट वाटत नाही. 'ओला दुष्काळ' म्हणतोच की आपण. अति झाल्यामुळे होणारं नुकसान त्यात येतं.

पंचवटीकर
अर्थ जुळतो, पण नव्या माणसाला ओला म्हणजे काय ते पुन्हा समजवावंच लागेल. शिवाय बोर्ड धोक्याचा आहे एवढ्याने भागत नाही, किती धोक्याचा ते हवं. गोदेला पूर आला की आपण नाशिककर पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला की गळ्याला, असं विचारतो. नुसतं 'पूर आहे' कोणी म्हणत नाही. तसं 'कलरचा बोर्ड', 'सिक्वेन्सचा बोर्ड', 'दोन्हींचा बोर्ड' असं लिहा. तीन पत्तीवाल्यांना हे शब्द ठाऊक आहेत : कलर म्हणजे एकाच चिन्हाची पानं, सिक्वेन्स म्हणजे ओळीने येणारी. फक्त पोकरमध्ये दोन्हींना पाच पानं लागतात हे आधी सांगा.

उदाहरण देतो. तुमच्याकडे इस्पिकची आणि चौकटची नव्वी. फ्लॉपवर (मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) बदामचा गुलाम, बदामची नव्वी, किलवरची चौकी. तीन नव्व्या झाल्या, पानं भारी. पण हा दोन्हींचा बोर्ड आहे. समोरच्याकडे दोन बदाम असतील तर तो कलरपासून एका पानावर आहे. राणी-दश्शी असेल तर राजा किंवा अठ्ठी आली की सिक्वेन्स. रमीतलं हे 'एका पानावर असणं' म्हणजेच तुमचा 'ड्रॉ'. ज्या पानांनी काम होतं ती 'लागणारी पानं'.

बदामवाल्याला न दिसलेली पानं ४७, त्यांतली ९ बदाम. म्हणजे पुढच्या पानाला कलर लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. पॉट १००० आहे असं धरा. तुम्ही पाव पॉट, म्हणजे २५० लावले, तर त्याला १५०० च्या डावासाठी (१०००, तुमचे २५० आणि त्याचे २५०) २५० द्यायचे आहेत, म्हणजे लागण्याची शक्यता १६.७ टक्के असली तरी त्याला परवडतं. तुम्ही स्वस्तात पान दाखवलंत. अर्ध्या पॉटला त्याला २५ टक्के लागतात, पाऊण पॉटला ३०. कलर लागल्यावर तो रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पानाला) तुमच्याकडून आणखीही काढू शकतो, म्हणून अशा बोर्डवर मी पाऊण पॉटच्या बाजूने आहे. (बदामची चौकी आली तर त्याचा कलर होतो, पण तुमचं फुल हाउस (तीन नव्व्या आणि दोन चौक्या), ते कलरपेक्षा भारी. ते पान लागूनही त्याला लाभत नाही.)

कॉलेज रोडवरून
पंचवटीकरांनी सांगितलं ते चिप्स भरपूर असताना. स्पर्धेत ब्लाइंड (पानं बघण्याआधी भरायच्या सक्तीच्या चिप्स) वाढत जातात आणि बहुतेकांकडे थोड्याच चिप्स उरतात. पॉट १००० आणि तुमच्याकडे १५०० असतील, तर अर्ध्या पॉटची चाल पुरते : ५०० लावले, त्याने तेवढेच भरले, पॉट २०००, तुमच्याकडे १०००. टर्नला (चौथ्या पानाला) उरलेलं सगळं लावलं तरी ती अर्ध्या पॉटचीच चाल. पुन्हा त्याला २५ टक्के हवेत, त्याचं लागणं २० च्या आत. फ्लॉपलाच पाऊण पॉट लावून ज्याच्याकडे हलकी पानं आहेत त्याला पळवायचं कशाला? मात्र चिप्स ३००० असतील तर पाऊण पॉटच हवा, नाहीतर दोन चालींत सगळं मध्ये जात नाही.

'ऑल-इन'ला 'पणाला लावणं' लिहू नका. त्या शब्दात घर-दार गेल्याचा भार आहे. 'सगळं लावलं' पुरे.

सातपूरकर
बिनपैशांची आहे हे पहिल्याच ओळीत ठळक लिहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर लोक पोकर म्हटलं की आधी तेच विचारतात.

इंदिरानगरकर
सर्वांचे आभार. वाक्य असं केलंय : 'कलरचा किंवा सिक्वेन्सचा बोर्ड असेल आणि पानं भारी असतील, तर मोठी चाल करा, समोरचा एका पानावर असेल तर त्याला ते पान स्वस्तात दाखवू नका.'

पंचवटीकर
'मोठी' काढा. तिथे 'अर्ध्या ते पाऊण पॉटची' लिहा, आणि पुढे 'चिप्स कमी असतील तर अर्धी पुरे'.