बाबांना फायबर चालू केल्यापासून पोट फुगतंय, बंद करू का? अर्जंट मदत हवी

रंकाळा_काठ: बाबांची गेल्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या वेळी डायटिशियन म्हणाल्या फायबर वाढवा, हार्टला चांगलं. म्हणून मी लगेच रात्री इसबगोल दोन मोठे चमचे, सकाळी ओट्स, दुपारी मटकीची उसळ, वर काकडी-गाजर असं सगळं चालू केलं. आता पोट ढोलासारखं, ढेकरा, गॅस, आणि बाबा चिडून म्हणतात मला पूर्वीचं जेवण द्या. फायबरचा हार्टशी खरंच काही संबंध आहे की नुसतं पोट साफ होण्यासाठी सांगतात? प्लीज ज्यांना माहिती आहे त्यांनीच सांगा.

शेवगा: भरपूर पाणी पाजा. इसबगोलला पाणी लागतंच, दिवसाला तीन लिटर तरी हवं. आमच्या सासऱ्यांचं तेवढ्यानेच थांबलं.

पाटील_काका: बद्धकोष्ठावर एरंडेलासारखं दुसरं औषध नाही. रात्री एक चमचा गरम दुधातून द्या.

रंकाळा_काठ: काका, बद्धकोष्ठ नाहीये हो, गॅस आहे.

लॅबवाली: दादा, वय किती? गोळ्या कुठल्या? शुगर, थायरॉईड काही आहे का? आणि या सगळ्याच्या आधी ते किती फायबर खात होते?

रंकाळा_काठ: वय ६८. गोळ्या नेहमीच्याच, हार्टवाल्यांना असतात त्या. आधी भात-आमटी, चपाती आणि बुधवार-रविवार तांबडा-पांढरा.

जोंधळा_प्रेमी: इथेच तर घोळ आहे! दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडे जोंधळ्याची भाकरी, घेवडा, हुलग्याचं माडगं असायचं, कोण कशाला ओट्स आणतंय? ओट्स बंद करा, भाकरी द्या.

शेवगा: ओट्समध्ये काय वाईट आहे? कोलेस्टेरॉल कमी होतं त्याने, सगळीकडे सिद्ध झालंय.

लॅबवाली: दोन्ही चालतं, भांडू नका. ओट्स आणि जवात बीटा-ग्लुकन असतं, रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. हे विरघळणारं फायबर आतड्यात चिकट होतं आणि पित्तातली आम्लं धरून शौचावाटे बाहेर नेतं. मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. इसबगोलही हेच काम करतं. म्हणजे हार्टशी संबंध आहे, पण गोळीची जागा ते घेत नाही, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, अजिबात बंद करायची नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ ला मोठा आढावा आला होता, रोज २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू अगदी कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्के कमी दिसले.

जोंधळा_प्रेमी: मग गॅस का?

लॅबवाली: मटकीमुळे. कडधान्यं, कांदा, लसूण यातलं काही फायबर आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया ते खातात. त्यातून ब्युटिरेट वगैरे आम्लं तयार होतात, आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्याच्यावर जगतात, आणि सोबत गॅसही होतो. भात-आमटीवर असलेल्या बॅक्टेरियांना एकदम एवढा खुराक दिला की असंच होणार. हळूहळू वाढवायचं. इसबगोल हे बॅक्टेरिया फारसं खात नाहीत, म्हणून त्यापासून गॅस कमी तयार होतो.

पाटील_काका: बॅक्टेरियासाठी ताक द्या, बाकी कशाला हवं?

लॅबवाली: काका, ताक चांगलंच आहे, पण त्यातले बहुतेक बॅक्टेरिया मुक्कामाला राहत नाहीत. आत आधीपासून राहतात त्यांना खायला घालायचं आहे. रंकाळा दादा, गोळ्यांची यादी टाका.

रंकाळा_काठ: टाकतो. स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन, बीपीची एक, लघवीची एक, थायरॉईडची सकाळी. थायरॉईडची गोळी ओट्ससोबतच देतो, विसरायला नको म्हणून. आणि शेवगा ताई, तीन लिटर पाणी कसं देऊ, डॉक्टरांनी दीड लिटरच सांगितलंय, हार्टचं पंपिंग कमी आहे ना.

लॅबवाली: दादा, हेच सगळ्यात आधी हवं होतं!! पाणी मोजून आहे तर इसबगोलचे दोन मोठे चमचे रात्री अजिबात नको. पाणी कमी पडलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. आज रात्री थांबवा आणि उद्या कार्डिओलॉजिस्टना फोन करून विचारा द्यायचं की नाही, किती, आणि त्याचं पाणी दीड लिटरमध्ये कसं धरायचं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, फायबर तिचं शोषण कमी करतं.

शेवगा: मला पाण्याचं माहीत नव्हतं, माझं वरचं धरू नका.

रंकाळा_काठ: बरं, इसबगोल आज बंद. मटकी पण बंद करू का?

लॅबवाली: नको, दोन चमचे उसळ एक दिवसाआड द्या आणि त्रास नसेल तर वाढवा. भिजवलेलं पाणी ओतून टाका, नवीन पाण्यात शिजवा, गॅस करणारी साखर बरीचशी त्या पाण्यात निघून जाते.

जोंधळा_प्रेमी: थंडीत मटकीला मोडच येत नाहीत, कुणी काय करता?

पाटील_काका: रात्री उबदार फडक्यात गच्च बांधून डाळीच्या डब्यात ठेवा.

रंकाळा_काठ: मोडाचं नंतर बोला ना. पाय थोडे सुजलेत बाबांचे, ते पण फायबरमुळे?

लॅबवाली: नाही दादा, पाय सुजणं फायबरचं नाही, पंपिंग कमी असलं की अंगात पाणी साठून असं होऊ शकतं. उद्याची वाट बघू नका, आत्ताच हॉस्पिटलला फोन करा, आज सकाळचं वजन किती होतं तेही सांगा. झोपल्यावर धाप लागतेय का त्यांना?