कच्छचा पश्चिम किनारा, दोन कॅम्परव्हॅन, नऊ जण: ठाण्याहून नियोजन

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. कार्तिकी पौर्णिमा धरून आठवडाभराचा बेत आहे. मांडवी, सुथरी, पिंगलेश्वर, जखौ, नारायण सरोवर, कोटेश्वर, लखपत आणि भुजवरून परत. माणसं नऊ, त्यात दोघं साठीपुढची, एक मूल सहा वर्षांचं. भाड्याच्या दोन कॅम्परव्हॅन, एक ठाण्यातून आणि एक खारघरहून निघेल. प्रत्येकीत १०० लिटरची पाण्याची टाकी, २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, ३०० वॉटचं सोलर, छतावर एसी आणि कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करायचं). किनाऱ्यावर वाळूतच मुक्काम करायचा विचार आहे. जमेल का? पाणी आणि वीज किती पुरेल? सीमाभागात कागदपत्रं काय लागतील?

खाडीवाला_ऐरोली:
वाळूतला मुक्काम आधी डोक्यातून काढा. सामान भरलेली व्हॅन साडेतीन-चार टनांची होते आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. डांबर संपतं तिथे थांबायचं आणि समुद्राकडे चालत जायचं.

त्यात तुम्ही नेमकी पौर्णिमा धरली आहे, म्हणजे उधाण. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. ओहोटीला जो पट्टा रस्त्यासारखा टणक वाटतो, तो सहा तासांत पाण्याखाली जातो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, आणि रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते (पौर्णिमेला सव्वाअकरा), पण तो हिशेब कोकणचा. तिकडे मांडवीचं भरतीचं वेळापत्रक छापून गाडीत चिकटवा. जमत असेल तर बेत अष्टमीच्या बाजूला न्या, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, पाणी बेताचं चढतं.

वाळूपेक्षा वाईट म्हणजे खाडीकाठचा चिखल. वर मिठाची पांढरी, वाळलेली पापडी आणि खाली रबडी. पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात हा चिखल आतून ओलाच असतो. माणूस चालतो, गाडी ॲक्सलपर्यंत जाते. लखपतला किल्ल्याच्या तटावरून कोरी खाडीचं ते सपाट मैदान बघून मोह होईल. चाक घालू नका.

तरीही वळवताना फसलात तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा. चाक जागेवर फिरवलं की ते स्वतःच खड्डा खणतं. सगळ्यांना उतरवा, पाण्याचे जार खाली काढा, चाकांपुढची आणि डिफरन्शियलखालची (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखालची) वाळू फावड्याने काढा, टायरची हवा नेहमीच्या दाबाच्या निम्म्यावर आणा आणि ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या खाचांच्या पट्ट्या) लावून दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर या. कमी हवेवर ताशी २०-२५ च्या वर जायचं नाही आणि झटक्यात वळायचं नाही, टायर रिमवरून सुटतो. हवा परत भरायचा छोटा १२ व्होल्टचा कंप्रेसर मोठ्या टायरला तापून बंद पडतो, दर टायरनंतर थंड होऊ द्या. जॅकखाली जाड फळी हवीच. गाडी ओढायची दोरी टो-हुकालाच बांधा, ट्रेलरच्या बॉलला कधीच नाही. तो तुटला तर गोळीसारखा येतो.

आणखी एक, वेडी बाभूळ. गुजरातीत गांडो बावळ. कच्छमध्ये रस्त्याच्या कडेला तीच माजली आहे, काटा टायरच्या रबरातून आरपार जातो. सावली दिसली म्हणून तिच्याखाली गाडी लावली की सकाळी हवा कमी. पंक्चर प्लगचा संच दोन्ही गाड्यांत वेगवेगळा ठेवा.

बारा_व्होल्ट:
विजेचा हिशेब एका गाडीचा सांगतो. २०० अँपिअर-अवर म्हणजे अंदाजे २५०० वॉट-अवर, त्यातले २००० वापरायचे. कंप्रेसरवाला फ्रिज दिवसाला ५००-६००, चार पंखे रात्रभर साडेचारशेच्या आसपास, मोबाइल आणि दिवे दोनशे. म्हणजे बाराशे. हिवाळ्यात ३०० वॉटचं सोलर, पॅनेल रोज पुसलं तर, हजारएक देतं. वरची तूट गाडी चालताना भरून निघते. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी बेताने भरणारा) तासाला ४०० देतो. तो चार्जर बसवलाय का हे भाड्याने देणाऱ्याला विचाराच. नुसत्या रिलेवर लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली असेल तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

एसी बॅटरीवर दोन तासही चालणार नाही. पण नोव्हेंबरात रात्री लागणारही नाही. जखौजवळचं नलिया हे गुजरातचं थंडीचं ठिकाण, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. एसीपेक्षा रजया घ्या.

शेगडीसाठी ५ किलोचं सिलिंडर पुरेल. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं, वरच्या खिडकीचा उपयोग नाही. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत आणणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड; अजिबात नाही.

नेरूळ_पूर्व:
पाणी: पिणं आणि स्वयंपाक माणशी ५ लिटर, भांडी-हातपाय आणखी ५. नऊ जणांचे दिवसाला ९० लिटर, म्हणजे दोन्ही टाक्या मिळून दोन दिवस. अंघोळ यात धरलेली नाही. पिण्याचं पाणी टाकीत ठेवूच नका, २० लिटरचे पाच जार वेगळे न्या. तिकडचं भूजल बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. टाकी त्याने भरलीत तर चहा फाटेल आणि पंपाच्या जाळीवर क्षार बसतील. मांडवीत आणि नलियात गोडं पाणी भरून घ्या.

टॉयलेटची कॅसेट २० लिटरच्या आसपास असते. चार-पाच माणसांना दीड दिवस, फार तर दोन. ती उघड्यावर ओतायची नाही, खाडीत तर नाहीच. धर्मशाळेत विचारून तिथल्या शौचालयात रिकामी करा. मात्र कार्तिकात एकादशी ते पौर्णिमा नारायण सरोवरला मेळा असतो. तुमच्या तारखांना धर्मशाळा भरलेल्या असणार, पार्किंगही. तारीख बदलायला हे दुसरं कारण.

ज्येष्ठांची गोळ्यांची पाकिटं दोन गाड्यांत वाटून ठेवा, एकीत सगळी नकोत.

घोडबंदरकर:
धन्यवाद. तारीख दहा दिवसांनी पुढे ढकलतोय. मुक्काम मग कुठे? आणि कागदपत्रं?

कळवा_नाका:
मांडवी, मग नलिया, मग नारायण सरोवर, हे तीन मुक्काम धरा आणि किनारे दिवसा करा. मांडवी ते नारायण सरोवर राष्ट्रीय महामार्ग ४१, दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंतर किरकोळ, पण संध्याकाळी रस्त्यावर गुरं येतात, अंधाराआधी पोचा. डिझेल मांडवीत आणि नलियात पूर्ण भरा, अर्ध्यावर टाकी आली की भरायचीच. डीईएफची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) टाकी असेल तर एक कॅन सोबत. ते संपलं तर इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

कोटेश्वर आणि लखपतला सीमा सुरक्षा दलाची ठाणी आहेत. प्रत्येकाचं आधार मूळ प्रत, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, परमिट. चौक्या, जेट्टी, बोटी यांचे फोटो नकोत, जखौला तटरक्षक दलही आहे. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय आपल्याकडे बेकायदा, परदेशातून आणलेला सॅटेलाइट ट्रॅकरही त्यात येतो. जखौच्या बाजूला अमली पदार्थांची पाकिटं अधूनमधून वाहून येतात. वाळूत काही बांधलेलं दिसलं तर हात न लावता ११२. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली गाडीत नको.

नंबरप्लेट तपासा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे, चालकासह असेल तर पिवळ्यावर काळे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने मिळत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

निघताना खारघरची गाडी शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत माजिवड्याला येऊ दे. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट पहाटे पाचच्या आत ओलांडा, नाहीतर फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंतच दीड तास. आदल्या दिवशी गाडी सोसायटीत आणणार असाल तर पोडियमखालच्या पार्किंगची उंची मोजा, छतावर एसी असलेली व्हॅन तीन मीटरच्या आसपास जाते.

खाडीवाला_ऐरोली:
एक राहिलं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ धुवायचा: चाकांच्या कमानी, लीफ स्प्रिंग, ब्रेकचे पाइप. सरकत्या दाराच्या रुळातली वाळू ब्रशने काढा, त्यावर आधी तेल टाकाल तर तिची पेस्ट होऊन रोलर खाईल. एअर फिल्टर उघडून बघा. भाड्याची गाडी असली तरी हे करा, अनामत रक्कम यावरूनच अडते.