सोलापुरी चादरीची बंडी शिवायची आहे, कापड कसं बेतावं?

नवीपेठकर
मंडळी, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी सोलापुरी चादरीची बिनबाह्यांची बंडी शिवून हवी आहे. छाती ४२, उंची २६. चादर ६० बाय ९० इंची, काळी-लाल, मोराची नक्षी. दोन ठिकाणी "लई जाड आहे, मशीनवर चालत नाही" म्हणून परत पाठवलं. एका चादरीत दोन बंड्या निघतील का? आधी धुवावी का? अस्तर लागतं का? का सरळ बाह्यांचं जॅकेटच करावं?

पूर्वभाग
आधी चादर पूर्ण सुती आहे का ते बघा. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी "सोलापुरी" म्हणून विकला जाणारा बराच माल मिश्र धाग्याचा असतो. दशीतले (काठाला सुटलेल्या धाग्यांतले) उभे-आडवे दोन-दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. टोकाला कडक काळा मणी उरला तर पॉलिस्टर आहे. तसल्या चादरीची बंडी दुपारी अंगाला चिकटते, आणि शिवणीवर कडक इस्त्री मारायला गेलात की चकाकते.

धुवायची म्हणजे धुवायचीच, तीही बेतण्याआधी. सुती चादर पहिल्या पाण्यात शेकडा ३ ते ५ आटते. म्हणजे ९० इंचातले चारेक इंच जातात, ६० मधले दोन-तीन. शिवल्यावर आटली तर मुंढा (बाहीच्या जागेचा गोल काप) काखेत रुततो आणि त्यावर इलाज नाही. दशा सुट्या असतील तर धुण्याआधी दोन्ही टोकांना मशीनची एक धाव मारा, नाहीतर गुंता होतो. पुढे बंडी ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात आत्ता धुवा. गार पाण्यात धुऊन बेतली आणि नंतर वॉशिंग मशीनला गरम पाण्यावर टाकली तर पुन्हा आटणार. लाल रंग पहिल्या दोन-तीन पाण्यांत सुटतो. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने तो पक्का होत नाही, जादा रंग धुऊन काढणं एवढाच उपाय. वाळवताना दोन दोऱ्यांवर पसरून, सावलीत. एका दोरीवर टांगली की ओल्या वजनाने मधेच लोंबते आणि नक्षी वाकडी होते.

उरेबपट्टी
दोन बंड्या आरामात निघतात. पाठ आणि पुढचे दोन भाग शेजारी-शेजारी मांडले की मायेसकट (शिवणीसाठी सोडलेल्या जादा कापडासकट) ४८-५० इंच लागतात, आटूनही ५७ उरतात. उंचीला एका बंडीचे २९ इंच धरा. हिशेबाने तिसरीही जवळपास बसते, पण तिच्या नादाला लागलात तर मोराचं डोकं खांद्याच्या शिवणीत जातं. उरलेल्यात झोळी करा.

आता खरी मेख. या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंग उलटे: इकडे काळ्यावर लाल, तिकडे लालवर काळं. कापड जाड, दुहेरी घडी घालून कापलं तर खालचा थर अर्धा इंच सरकतो, म्हणून एकेरीच बेतावं. पण एकेरी बेतताना पुढचा दुसरा भाग काढायला बेताचा कागद पालटायचा, कापड पालटायचं नाही. कापड पालटलं की डावी बाजू काळी, उजवी लाल. कुणी मुद्दाम तसं करतात, झकास दिसतं; चुकून झालेलं मात्र लगेच ओळखू येतं. मोर सगळ्या भागांत एकाच दिशेला उभा राहील हेही बघा. पाठीचा मध्य नक्षीच्या मध्यावर घ्या, मोर गळ्याखाली चार-पाच इंचांवर.

कापल्या कापल्या दशा सुटायला लागतात. गळ्याला आणि मुंढ्याला काठापासून पाव इंच आत लगेच एक धाव मारा, मग सगळ्या कडा ओव्हरलॉक. माया पाऊण इंच. सुई १६ नंबर, टाका ३ ते ३.५ मिलिमीटर, मशीनच्या पायाचा (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब कमी. दाब तसाच ठेवला तर वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शेवटी एक बाजू लांब उरते. टाका बारीक ठेवला तर शिवण ताठ होऊन फुगते. खांद्याच्या शिवणीत सुती टेप घाला, वजनाने खांदा ओघळत नाही.

कडा आत दुमडू नका. दोनदा दुमडलं की तीन थर होतात, शिवणीपाशी त्याहून जास्त, तिथेच सुई मोडते. दोन्ही शिंपी बहुधा याच भीतीने नको म्हणाले असतील. त्याऐवजी पावणेदोन इंचांची उरेब (तिरपी कापलेली) पट्टी लावा. खणाची लावली तर बंडी एकदम उठून दिसते, पण खणही आधी धुऊन घ्या.

होममैदान
बाह्यांचं जॅकेट नको. जानेवारीत इथे पहाटे गारठा, दुपारी ऊन कडक. त्यात गड्ड्याची गर्दी. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला नंदीध्वजाचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत (बंद बांधायच्या पारंपरिक अंगरख्यात) असतात, त्या पांढऱ्यात काळी-लाल बंडी मस्त दिसेल, पण बाह्या असल्या तर दुपारपर्यंत काढून हातात धराल. बंडीला अस्तरही नको, आतल्या बाजूची नक्षी उगाच झाकली जाते. बाह्या करायच्याच असतील तर फक्त बाह्यांना गुळगुळीत अस्तर लावा. सुतावर सूत अडकतं, शर्टाची बाही कोपरापर्यंत वर चढते.

शिलाईसाठी ब्लाउज-पंजाबीवाल्यांकडे जाऊ नका. आपल्याकडे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तिथल्या कारागिरांकडे जाड कापडाची मशीन आणि ओव्हरलॉक दोन्ही असतात. फक्त कापड आपण बेतून न्या.

नवीपेठकर
सगळ्यांचे आभार. काज-बटणाचं काय करावं?

उरेबपट्टी
या कापडाला काज करू नका, धागे ओढून महिन्याभरात तोंड फाकतं. त्याच उरेब पट्टीचे फास करून काठाच्या पट्टीत शिवा, समोर लाकडी बटण. पाच पुरे. बटणामागे आतून एक छोटं सपाट बटण धरून दोन्ही एकत्र टाका, म्हणजे ओढ कापडावर येत नाही. टिचबटण लावणार असाल तर तिथे आतून कॅनव्हासचा तुकडा लावा, नाहीतर उघडताना कापडासकट निघून येतं.