प्रति: चार इंच बर्फ पुरतो का?
वर कुणीतरी लिहिलंय की गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जाताना चार इंच बर्फ असला की बिनधास्त चालत जा. आकडा बरोबर आहे हो, पण तो काळपट, पारदर्शक, नव्या बर्फाचा. स्नो भिजून परत गोठला की जो दुधाळ पांढरा थर होतो तो साधारण निम्म्या ताकदीचा, म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं डीएनआर (नैसर्गिक संसाधन) खातं त्याला जाडी दुप्पट धरा म्हणतं.

आम्ही कोलोराडोत इलेव्हन माइल जलाशयावर रेनबो ट्राउट मासे पकडायला जायचो, तिथे एकदा किनाऱ्याजवळ ऑगरने (बर्फाच्या गिरमिटाने) भोक पाडलं तर आठ इंच, आणि नदी येऊन मिळते त्या बाजूला थोडं सरकलो तर लोखंडी पहार दोन ठोक्यांत आरपार! खाली पाणी वाहतं असलं की बर्फ नीट धरतच नाही, आणि ट्राउट नेमके तिथेच घुटमळतात त्यामुळे मोह होतोच. तेव्हापासून आइस पिक्स (बर्फात रोवायच्या टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी) गळ्यात, जॅकेटच्या वरून, आत नाही (गारठलेल्या बोटांनी झिप उघडून बघा एकदा). बर्फ फुटून पाण्यात पडलातच तर आलात त्याच बाजूला वळा, तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं, पिक्स रोवून पाय झाडत पोटावर वर या, आणि लगेच उभं राहू नका, लोळतच लांब जा.